‘लॉयल्टी’चा धडा : उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

भारतात ५ एप्रिल हा दिवस १९६४ सालापासून ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबई बंदरातून लंडनच्या दिशेने निघाली. ती भारतीय मालकीच्या कंपनीची आगबोट होती आणि ब्रिटिश कंपन्यांची मिरासदारी असलेल्या जलमार्गावर ती प्रथमच उतरत होती. या घटनेचा उल्लेख आजही अभिमानाने होतो. मात्र व्यापाराच्या हिशेबाने पाहिले तर ही आगबोट तोट्याची ठरली आणि सफरीनंतर चार वर्षे पूर्ण होण्याआधीच मोडीत निघाली, हे फारसे सांगितले जात नाही. ज्या कंपनीचे पहिले जहाज असे निकामी ठरले, ती कंपनी पुढे भारतातील अग्रगण्य जहाज कंपनी कशी झाली, हे समजून घेणे प्रत्येक व्यावसायिकास उपयोगाचे आहे. त्या कंपनीमागील प्रेरणा होती सोलापूरचे सुपुत्र, जैन समाजाचे भूषण, शेठ वालचंद हिराचंद दोशी यांची.

सोलापूरचे घराणे

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातमधील वांकानेरचे, दिगंबर जैन संप्रदायाचे. व्यापारानिमित्त ते सोलापुरात स्थायिक झाले व तेथील मराठी जीवनाशी एकरूप झाले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय होता. वडील हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. सुधारणावादी विचारांचे समाजधुरीण आणि ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे प्रवर्तक म्हणून त्यांचा लौकिक होता. वालचंदजींच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले. सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर मुंबईचे सेंट झेवियर्स व पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे ते शिकले. परंतु पदवी पूर्ण न करताच त्यांना घरी परतावे लागले.

घरच्या पेढीवर बसून व्याजबट्ट्याचा हिशेब करण्यात या तरुणाचे मन रमले नाही. नवे काही उभे करावे, अशी त्यांची ओढ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. फाटकांजवळ रेल्वेच्या कामकाजाची माहिती होती, वालचंदजींजवळ भांडवल उभे करण्याची पत आणि धाडस होते. दोघांच्या गुणांचा हा मेळ उत्तम जमला.

कंत्राटदारीची शाळा

कंत्राटदारी हा व्यवसाय चूक लपवू देत नाही. माती किती खोदावी लागेल, दगड कोठून आणायचा, मजुरांना किती दिवस लागतील, पावसाळ्यापूर्वी काम कोठवर न्यायचे, यांपैकी एखादा अंदाज चुकला तर त्याची किंमत शेवटच्या बिलात रोख मोजावी लागते. त्यामुळे पुढच्या निविदेत तीच चूक सहसा होत नाही. वालचंदजींचे व्यावसायिक शिक्षण या शाळेत झाले. पुढे त्यांचा उद्योग टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीशी जोडला गेला आणि मोठमोठी कामे हाती आली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी, सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल, ब्रह्मदेशातील इरावती नदीवरील पूल अशी ही कामांची मालिका आहे.

या यशामुळे त्यांच्या ठायी मोठा आत्मविश्वास आला. तथापि एका धंद्यात मुरलेला माणूस दुसऱ्या धंद्यात नवशिकाच असतो. याचा प्रत्यय त्यांना समुद्रावर आला.

एका जहाजाची खरेदी

पहिले महायुद्ध १९१८ च्या अखेरीस संपले. युद्धात असंख्य जहाजे बुडाली होती, मालाला जहाज मिळत नव्हते आणि भाडी गगनाला भिडली होती. ज्याच्याजवळ जहाज त्याच्याजवळ पैसा, असा तो काळ होता. त्या सुमारास ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या मालकीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीस निघाली. वालचंदजींनी ही संधी हेरली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मातब्बर व्यापाऱ्यांच्या सहकार्याने २७ मार्च १९१९ रोजी ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन झाली. जहाज ज्यांच्याकडून घेतले त्या राजघराण्याचेच नाव कंपनीस दिले गेले. स्थापनेनंतर अवघ्या नऊ दिवसांत ‘लॉयल्टी’ लंडनला निघाली.

या नऊ दिवसांतच पहिल्या चुकीचे बीज होते. जहाज आधी आले, धंद्याची आखणी मागाहून व्हायची होती. ‘लॉयल्टी’ ही मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती इंग्लंडमध्ये बांधली गेली, १८९० साली पाण्यात उतरली आणि कॅनडाहून जपान व हाँगकाँगकडे उतारू नेत असे. महायुद्धात ग्वाल्हेर दरबाराने ती घेऊन जखमी भारतीय सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय म्हणून वापरली. म्हणजे सिंदिया कंपनीच्या हाती आली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची जुनी, एका कामासाठी बांधलेली, दुसऱ्या कामासाठी बदललेली आणि आता तिसऱ्याच मालकाकडे आलेली बोट होती. तिला पुन्हा उतारू बोटीचे रूप देण्यासाठी मोठी दुरुस्ती व खर्च आवश्यक होता.

तोट्याचा हिशेब

उतारू वाहतुकीचा धंदा एका बोटीवर चालत नाही. प्रवाशाला ठरलेल्या तारखेस निघणारी बोट हवी असते. एकच बोट लंडनला जाऊन परत येईपर्यंत दुसरी निघू शकत नाही, आणि तेवढ्यात प्रवासी दर आठवड्याला सुटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे वळतो. वेगाने धावणारी जुनी बोट कोळसा फार खाते, आणि युद्धोत्तर काळात कोळसा महाग होता. तिच्यात खोल्या पुष्कळ, पण मालासाठी जागा त्या मानाने बेताची. बोट चालविणारे अधिकारीही ब्रिटिशच, कारण भारतीयांना त्या कामाचे शिक्षण देणारी सोय या देशात नव्हती. अशा परिस्थितीत ‘लॉयल्टी’ लाभदायक ठरणे कठीणच होते. १९२१ साली ती नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ च्या आरंभी मुंबईत ती मोडीत काढण्यात आली.

दुसरी चूक याहून मोठी होती, आणि ती त्या काळी जगातील अनेक शहाण्या जहाजमालकांनी केली. युद्धानंतरच्या तेजीत कंपनीने चढ्या भावाने जहाजे घेतली. १९२० च्या उत्तरार्धात तेजी ओसरली, भाडी कोसळली आणि जहाजांच्या किमती एकदम खाली आल्या. कालपर्यंत सोन्याच्या भावाने घेतलेली जहाजे आज वह्यांतील किमतीला कोणी विचारीना. सामान्य भागधारकांनी स्वदेशीच्या भावनेने गुंतविलेला पैसा अडकून पडला.

येथे काय पणास लागले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. यापूर्वी जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानकडे जहाजांची फेरी सुरू केली होती. ब्रिटिश कंपनीने भाडी पाडल्यामुळे ती बंद पडली. व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली तुतिकोरीन येथे स्थापन केलेली स्वदेशी जहाज कंपनीही स्पर्धेच्या व सरकारी रोषाच्या वावटळीत टिकली नाही. तिसऱ्यांदाही तसेच झाले असते, तर भारतीयांना जहाजाचा धंदा जमत नाही हा समज पक्का झाला असता आणि पुढील पिढीत कोणी त्या वाटेस गेले नसते.

चुकीतून घडलेली नवी घडी

सिंदिया कंपनीने या तोट्यानंतर केलेल्या फेरबदलांवरून ‘लॉयल्टी’ने शिकविलेला धडा स्पष्ट दिसतो. लंडनच्या उतारू वाहतुकीचा हव्यास सोडण्यात आला. कंपनीने आपले लक्ष मालवाहू जहाजांकडे आणि भारत-ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे वळविले. रंगूनचा तांदूळ भारताच्या बंदरांकडे येत असे. हा माल नित्याचा होता, त्याचे व्यापारी बहुतांशी भारतीयच होते आणि त्यासाठी झगमगीत खोल्यांची नव्हे, तर मोठ्या पोटाच्या, कमी कोळशात चालणाऱ्या जहाजांची गरज होती. आधी माल कोणता, मार्ग कोणता, हे ठरवायचे आणि त्यास साजेसे जहाज घ्यायचे, असा क्रम आता आला. पुढील काळात कंपनीने आपल्या गरजेनुसार नवी जहाजे बांधवून घेतली. ‘जल’ या अक्षरांनी आरंभ होणारी त्यांची नावे ही कंपनीची ओळख बनली.

प्रतिस्पर्धी स्वस्थ बसणार नव्हते. लॉर्ड इंचकेप यांच्या आधिपत्याखालील ब्रिटिश इंडिया कंपनीने किनाऱ्यावरील भाडी परवडू नयेत इतकी खाली आणली. शिवाय ब्रिटिश कंपन्यांची एक जुनी युक्ती होती. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातील काही भाग परत देण्याचे कबूल करायचे, पण तो कित्येक महिने राखून ठेवायचा. मधल्या काळात त्याने दुसऱ्याच्या जहाजातून एक पोते जरी पाठविले, तरी ती सारी रक्कम बुडाली. या साखळीने भारतीय व्यापारीच भारतीय जहाजापासून दूर बांधला गेला होता. कंपनी विकत घेण्याची तयारीही प्रतिपक्षाने दाखविली. संचालकांनी ती नाकारली.

मात्र नकार देऊन भागत नव्हते. १९२३ च्या सुमारास दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यानुसार सिंदियाच्या जहाजांची मर्यादा ७५,००० टनांवर बांधली गेली आणि तिने किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरतेच राहावे असे ठरले. स्वाभिमानी माणसाला ही अट जाचक होती. तथापि आधीच्या स्वदेशी कंपन्या शेवटच्या पैशापर्यंत लढल्या आणि नामशेष झाल्या. सिंदियाने तडजोड करून जीव वाचविला आणि बळ साठविण्यास अवधी मिळविला. मुदत संपल्यावर झालेल्या पुढील करारात हे बंध काही अंशी सैल झाले.

१९२९ साली अध्यक्ष नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाले आणि कंपनीची धुरा वालचंदजींवर आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. दरयुद्धाने त्यांना आणखी एक गोष्ट शिकविली होती. पेढी कितीही काटकसरीने चालविली, तरी कायदा व धोरण प्रतिकूल असेल तर एकट्या व्यापाऱ्याचे काही चालत नाही. म्हणून भारतीय किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी सिंदियाच्या वर्तुळातून नेटाने पुढे आली. त्यासाठीचे विधेयक एस. एन. हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. पण स्वातंत्र्यानंतर तेच धोरण देशाने स्वीकारले. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारपदाचे शिक्षण देणारी ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका १९२७ साली मुंबईत सुरू झाली. ‘लॉयल्टी’च्या काळी जाणवलेली उणीव अशा रीतीने दूर होऊ लागली. व्यापारी-उद्योजकांनी एकत्र यावे म्हणून १९२७ मध्येच स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या उभारणीतही वालचंदजी अग्रभागी होते.

विमान, जहाजबांधणी आणि मोटार

नव्या उद्योगात उडी घेण्याचा त्यांचा स्वभाव अखेरपर्यंत बदलला नाही. उडी घेण्याची पद्धत मात्र बदलली. १९३९ साली प्रशांत महासागरावरील विमानप्रवासात त्यांची अमेरिकन विमान-व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली आणि भारतात विमान कारखाना काढण्याची कल्पना पुढे आली. या वेळी त्यांनी जहाज आधी आणि आखणी मागाहून असे केले नाही. तंत्रज्ञान जाणणारा सहकारी प्रथम निश्चित झाला. म्हैसूर संस्थानाशी बोलणी होऊन भांडवलात त्यांचा वाटा आणि बंगळूर येथे जागा मिळाली, भारत सरकारच्या मागणीचा आधार घेण्यात आला आणि डिसेंबर १९४० मध्ये ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तेथे जोडलेले पहिले विमान आकाशात झेपावले. १९४२ साली युद्धाच्या निकडीमुळे सरकारने त्यांचा वाटा विकत घेतला आणि हा उद्योग त्यांच्या हातून गेला. ज्या उद्योगाचे गिऱ्हाईक केवळ सरकार, त्याचे मालकही एक दिवस सरकारच होऊ शकते, हा नवा अनुभव त्यांच्या गाठी जमा झाला. त्या कारखान्यातूनच पुढे आजची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ही संस्था वाढली.

परक्यांच्या गोदीत दुरुस्तीसाठी आणि परक्यांच्या कारखान्यात नव्या जहाजासाठी किती काळ तिष्ठत राहावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी विशाखापट्टणम येथे शोधले. कलकत्त्यास मनाजोगती जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी या पूर्वकिनाऱ्यावरील नैसर्गिक बंदराची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. १९४२ च्या एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि कामात मोठा व्यत्यय आला. तरीही काम सोडून देण्यात आले नाही. १४ मार्च १९४८ रोजी स्वतंत्र भारतात बांधलेले ८,००० टनी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतीर्ण झाले. एकोणतीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने टाकलेली जुनी बोट घेऊन निघालेल्या कंपनीने आता देशात बांधलेले स्वतःचे नवे जहाज पाण्यात सोडले होते. जहाजबांधणीचा खर्च खाजगी कंपनीला पेलण्यासारखा नव्हता हेही पुढे अनुभवास आले आणि १९५२ मध्ये हा कारखाना मुख्यतः सरकारच्या मालकीचा झाला.

मोटारीच्या बाबतीत त्यांनी पायरीपायरीने जाणे पत्करले. १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना झाली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथे प्रथम आलेल्या भागांची जुळणी सुरू झाली आणि एकेक भाग येथेच बनविण्याकडे नंतर वाटचाल झाली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथील साखर उद्योगांतही ऊस, पाणी, कारखाना आणि कामगारांची वसाहत यांचा एकत्र विचार दिसतो. माळरानावर आधी उसाची शेती रुजली आणि मग १९३० च्या दशकात कारखान्यांची चाके फिरू लागली.

अखेरचे दिवस

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. ‘लॉयल्टी’च्या सफरीला त्याच आठवड्यात चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापुरातील शिक्षणसंस्था त्यांचे नाव आजही पुढील पिढ्यांपर्यंत नेत आहेत.

त्यांनी स्थापिलेले अनेक उद्योग त्यांच्या हयातीतच अन्यत्र गेले, तर काही काळाच्या ओघात बंद पडले. तेव्हा त्यांच्या मोठेपणाचे माप केवळ मालमत्तेवरून काढता येत नाही. प्रत्येक तोट्यानंतर त्यांच्या कामाच्या पद्धतीत एक निश्चित सुधारणा झालेली आढळते, आणि हेच त्यांच्या चरित्राचे सार आहे. जहाज चुकले तेव्हा त्यांनी समुद्र सोडला नाही, तसेच चुकीचे जहाज केवळ प्रतिष्ठेपायी चालवीतही ठेवले नाही. भावनेच्या भरात ‘लॉयल्टी’ आणखी पाच वर्षे चालविली असती, तर तिच्याबरोबर कंपनीही बुडाली असती.

आपल्या परंपरेत प्रतिक्रमणाला मोठे स्थान आहे. घडलेला दोष आठवावा, तो मान्य करावा आणि पुन्हा घडू नये असा निश्चय करावा, हा त्याचा भाव. दुकानाच्या वहीला, कारखान्याच्या ताळेबंदाला आणि संस्थेच्या वार्षिक अहवालाला हीच दृष्टी लावली, तर तोट्याचा रकाना हा लाजेचा विषय न राहता शिकवणीचा होतो. आपल्या समाजातील लहानमोठ्या व्यावसायिकांनी वर्षाअखेरीस नफ्याची बेरीज करताना यंदा कोणता अंदाज चुकला, का चुकला आणि त्यामुळे कामाची कोणती रीत बदलली, याचीही नोंद वहीत एका पानावर करावी. मुलाच्या हाती पेढी सोपविताना ते पान त्याला आधी वाचावयास द्यावे.

सोलापूरच्या मातीतून उठून सागरावर आपला ध्वज नेणाऱ्या या थोर उद्योगपुरुषास सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी विनम्र अभिवादन.